मुठीतले पैसे आणि मनगटावरची पट्टी

'मंडई' असं नुसतं लिहिलं की पुण्या-मुंबईकडच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भाजीचे ढीग उभे राहतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ही मंडई भाजीची नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर गावोगाव जी जत्रा भरते तिला मंडई म्हणतात. पाडव्याला गायगोधन झालं, भाऊबीज उरकली की मंडयांना सुरुवात होते. मग आज या गावी, उद्या त्या गावी असं ते चक्र बरेच दिवस फिरत राहतं. देवाची यात्रा नाही, नवस नाही, पालखी नाही. हलका धान कापून झालेला असतो, हातात चार पैसे आलेले असतात आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. एवढं निमित्त आम्हाला पुरतं.

आमचं गाव केशोरी. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दक्षिणेकडे, गडचिरोलीच्या सीमेजवळ. आजूबाजूला जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या. गोठणगावजवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे आणि इकडे नवेगावबांधचा मोठा तलाव. केशोरीची मिरची आमच्याकडे नावाजलेली आहे. (नातेवाईक मंडळी, तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण बाहेरचे वाचकही इथे येतात, म्हणून सांगतोय.)

तर मंडईबद्दल लिहायचं कारण माझा पुतण्या. तो इंजिनिअर, पुण्याला नोकरीला. गेल्या दिवाळीत गावी आला होता. मंडईतून फिरून आल्यावर म्हणाला, "काका, ही सगळी पद्धतच जुनाट आहे. रहाटपाळण्याचे वेगळे पैसे, मिकी माऊसच्या घसरगुंडीचे वेगळे, रेल्वेचे वेगळे. दर वेळी सुट्टे शोधा, दर वेळी पोरांची रडारड. चारी बाजूंनी कनात लावा, एकच तिकीट ठेवा, मनगटावर पट्टी बांधा आणि दिवसभर खेळू द्या. पाळणेवाल्यालाही कळेल किती पैसे येणार आहेत ते."

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मोठ्या शहरांतली पार्कं याच रीतीने चालतात आणि तिथे लोक हौसेने जातात. पण ऐकताना माझ्या मनात काहीतरी खटकलं. काय खटकलं ते त्या वेळी धड सांगता आलं नाही. नंतर नागपूरला परत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचत बसलो, आणि गंमत म्हणजे काका-पुतण्याचा हा वाद शेदीडशे वर्षं जगभर चालू असल्याचं लक्षात आलं.

*

आधी आमच्या मंडईत पैसा कसा खर्च होतो ते बघू.

आम्ही लहान असताना, म्हणजे १९८० च्या दशकात, मंडईच्या दिवशी दुपारी आजी प्रत्येक नातवाच्या हातावर दोन रुपये ठेवायची. सगळे चार आण्यांत, म्हणजे आठ नाणी. "हे घे बापू. तुले जे वाटन ते घेजो. मंग संध्याकाळी मले सांगजो." बस्स, एवढंच. आठ पावल्या मुठीत घट्ट धरून आम्ही निघायचो. (चार आण्याचं नाणं २०११ च्या जून अखेरीस सरकारने चलनातून काढूनच टाकलं. आजच्या मुलांना ते दाखवायचं तर जुना डबाच शोधावा लागेल.)

मी रहाटपाळण्याचा वेडा. तीन पावल्या तिथेच जायच्या. मग गोळा, मग उकडलेले शिंगाडे, मग एक पिपाणी जी घरी पोचेपर्यंत फुटायची. माझा एक आतेभाऊ मात्र पूर्ण मंडई पालथी घालायचा आणि सूर्य मावळेपर्यंत एक पैसाही खर्च करायचा नाही. शेवटी आठही पावल्या देऊन वातीवर चालणारी टिनाची फटफट नाव घ्यायचा. आणि माझी धाकटी बहीण अर्धे पैसे परत आणायची. संध्याकाळी चुलीजवळ बसून आजीला हिशेब द्यायचा. ती कोणालाच रागवायची नाही, कोणाचं कौतुकही करायची नाही. नुसतं "असं का?" म्हणायची. पण तो हिशेब सांगताना आपण काय केलं हे आपल्यालाच ऐकू यायचं.

ही झाली मुलं. मोठ्यांचा खर्च वेगळ्या वाटेने जातो.

माहेरी आलेल्या लेकींकडे भाऊबीजेची ओवाळणी असते. वर्षभर बाईच्या हाती येणारा बराचसा पैसा घराचा असतो, हा मात्र तिचा स्वतःचा. मंडई नेमकी भाऊबीजेला लागून येते, हे मला तरी नुसता योगायोग वाटत नाही. बांगड्यांच्या, टिकल्या-फित्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांपुढची गर्दी बघा. अर्थात ओवाळणीतलाही बराच भाग शेवटी पोरांच्या पाळण्यात आणि सासरी न्यायच्या चिवड्या-जिलेबीत जातो. पण एखादी स्टीलची बरणी, एखादा गिलटाचा हार ती कोणालाही न विचारता घेते.

तरुण पोरांचा पैसा गुपचूपच्या ठेल्यावर (बाहेर याला पाणीपुरी म्हणतात), पानठेल्यावर, हातावर नाव गोंदून देणाऱ्याकडे आणि रात्रीच्या नाटकावर जातो. त्यातल्या काहींचा, आणि काही बापांचाही, झंडी-मुंडीच्या पटावर जातो. धान कापणीची आठ दिवसांची मजुरी तासाभरात हरलेले लोक आम्ही बघितले आहेत. मोहाच्या दारूत गेलेली मजुरी तर मोजायलाच नको. मंडईचं कौतुक करताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हातारे लोक स्वतःवर जवळजवळ काहीच खर्च करत नाहीत. चहा घेतात, ओळखीचं कोणी भेटतं का बघतात, कोणाच्या तरी नातवाच्या हातावर नाणं ठेवतात. मंडईत सोयरिकी जुळतात त्या याच मंडळींच्या चहावर. "पोरगी दाखवायची आहे, मंडईले या," असा निरोप आजही जातो.

आणि सगळ्यांत मोठा खर्च तर मंडईच्या मैदानावर होतच नाही. तो घरात होतो. मंडई म्हणजे पाहुणे. गावात मंडई असली की चार गावचे सोयरे येणार, जेवणार, रात्री नाटकाला थांबणार, सकाळी पोहे खाऊन जाणार. घरची बाई दिवसभर चुलीपुढे, आणि घरधन्याने मटणासाठी, तेलासाठी दुकानात उधारी केलेली. पाहुण्यासाठी मंडई जवळजवळ फुकट असते, कारण यजमानाने त्याची किंमत आधीच भरलेली असते. पुढच्या आठवड्यात पाहुण्याच्या गावची मंडई आली की तो यजमान होतो आणि हिशेब फिटतो.

म्हणजे एकाच मैदानावर दोन रुपयांचं पोर, ओवाळणीची लेक, मजुरीचा गडी, रिकाम्या खिशाचा म्हातारा आणि शहरातून आलेला पगारदार पुतण्या असे सगळे एकाच वेळी असतात. मैदानात शिरायला कोणालाच पैसे पडत नाहीत.

*

आता जरा लांब जाऊ.

युरोपात अशा फाटक नसलेल्या जागा आहेत. व्हिएन्ना शहरात प्राटर नावाचं मोठं रान होतं, राजघराण्याच्या शिकारीचं. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७६६ साली ते सर्वांसाठी खुलं केलं. तिथे कॉफीची दुकानं आली, खेळ आले, १८९७ साली मोठा पाळणा आला. आजही प्राटरमध्ये शिरायला तिकीट नाही. ज्या पाळण्यात बसाल त्याचे पैसे द्या, नाहीतर नुसते फिरा. आमच्या मंडईची ही थोरली बहीणच म्हणा ना. उलट कोपनहेगनचं टिव्होली १८४३ साली सुरू झालं तेच फाटक घेऊन. आत येण्याचे पैसे आधी, आतल्या खेळांचे वेगळे.

आपण ज्याला आकाशपाळणा म्हणतो तो अवाढव्य स्वरूपात पहिल्यांदा उभा राहिला १८९३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. फेरिस नावाच्या इंजिनिअरने बांधला. उंची २६४ फूट, डबे ३६ आणि प्रत्येक डब्यात ६० माणसं. प्रदर्शनात शिरायचं तिकीट ५० सेंट, आणि पाळण्यात बसायचेही वेगळे ५० सेंट. म्हणजे एका पाळण्याची किंमत अख्ख्या प्रदर्शनाइतकी! तरीही काही महिन्यांत चौदा लाखांहून अधिक लोक त्यात बसले. आणि जे बसले नाहीत त्यांनीही तो खाली उभं राहून बघितलाच. बघण्याचे पैसे वेगळे नव्हते.

तोच पाळणा बघून टिल्यू नावाच्या एका माणसाच्या डोक्यात चक्रं फिरली. त्याने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर १८९७ साली स्टीपलचेस पार्क काढलं. त्या किनाऱ्यावर आधीपासून खेळ होते, पण सुटे सुटे, आपल्या मंडईसारखे. टिल्यूने भोवती कुंपण घातलं आणि पुढे एकच तिकीट ठेवलं, २५ सेंटमध्ये आतले सगळे ठरलेले खेळ. माझ्या पुतण्याची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे ती अशी. १९०३ साली शेजारीच लुना पार्क निघालं, त्याने उलटं केलं. फाटकावर फक्त १० सेंट आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे.

मग १९२० साली भुयारी रेल्वे थेट कोनी आयलंडला पोचली, भाडं फक्त पाच सेंट. शहरातले मजूर, नव्याने आलेले परदेशी लोक, कारखान्यातल्या पोरी, सगळे रविवारी तिथे लोटले. गर्दी कित्येक पटींनी वाढली, पण प्रत्येकाच्या खिशात नाणी थोडी. धंदाच बदलून गेला. नेथन नावाच्या एका पोलंडहून आलेल्या माणसाने १९१६ पासूनच पाच सेंटला सॉसेज-पाव विकायला सुरुवात केली होती, तर तो आधी ज्याच्याकडे कामाला होता त्या मोठ्या हॉटेलात तोच पाव दहा सेंटला मिळायचा. नव्या गर्दीला परवडला तो नेथनचा ठेला. पुढे त्या किनाऱ्याला 'पाच सेंटचं साम्राज्य' असंच नाव पडलं. येणारा माणूस बदलला की ठेला बदलतो, भाव बदलतो, हे त्यावरून दिसतं.

आणि आता डिस्ने. असं सांगतात की वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या एका बागेत जायचा. मुली चक्रात बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबापांनाही पोरांबरोबर काही करता येईल अशी जागा का नसावी, असं त्याला तिथे वाटलं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. सुरुवातीला फाटकाचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. पण लोकांना सारखं पाकीट काढायचा कंटाळा यायला लागला, तेव्हा त्याच वर्षी तिकिटांची वही निघाली. 'ए' तिकिटावर साधे खेळ, 'बी'वर जरा बरे, 'सी'वर चांगले. नंतर 'डी' आलं आणि १९५९ साली सर्वांत भारी खेळांसाठी 'ई' तिकीट आलं.

इथे मला आमच्या घरचीच पोरं दिसायला लागली. वहीतली 'ई' तिकिटं पहिल्या तासात संपायची आणि 'ए' तिकिटं उरायची. ती लोक घरी घेऊन जायचे, आणि ती वर्षानुवर्षं कपाटाच्या खणात पडून राहायची. रहाटपाळण्यावर पावल्या उडवणारा मी आणि अर्धे पैसे परत आणणारी बहीण, दोघंही त्या वहीत सापडतात. आतेभावाचं मात्र त्या वहीत काही खरं नव्हतं. 'ए' तिकिटं जमवून 'ई'च्या खेळात बसता येत नसे :-)

१९८२ साली त्या वह्या बंद झाल्या आणि एकाच तिकिटात सगळं मिळायला लागलं. टेक्सासच्या एका पार्काने हे १९६१ पासूनच सुरू केलं होतं. पुढे जगभर हीच रीत झाली.

*

या प्रश्नावर एका अर्थशास्त्रज्ञाने गंभीरपणे निबंध लिहिला आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला. नाव वॉल्टर ओय, साल १९७१. डिस्नेलँडच्या मालकाने पैसा फाटकावर घ्यावा की पाळण्यावर घ्यावा, असा त्याचा प्रश्न. गणित किचकट आहे, पण सार आपल्या भाषेत सांगता येतं.

समजा येणारी सगळी माणसं सारखीच आहेत, सारख्याच खिशाची आणि सारख्याच हौसेची. मग पाळणे अगदी स्वस्त ठेवावेत, म्हणजे लोक भरपूर खेळतील, आणि त्या सगळ्या मजेची किंमत फाटकावर एकदम वसूल करावी. सगळे सारखेच असल्याने भारी तिकीट बघून कोणी परत जाणार नाही.

पण माणसं सारखी नसली तर? एक घर दहा पाळणे खेळणारं आणि दुसरं दोनच खेळणारं असलं तर? मग भारी फाटकापाशी दुसरं घर परत जातं. त्याला आत ठेवायचं असेल तर फाटक स्वस्त हवं आणि पैसा पाळण्यावर हवा, म्हणजे जो जास्त खेळेल तो जास्त देईल.

मला खटकत होतं ते हेच. केशोरीच्या मंडईत माणसं इतकी वेगवेगळी असतात की तिथे फाटकाचा दर शून्यावर येऊन ठेपतो. हे कोणी गणित करून ठरवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तसंच होत आलं आहे. कनात लावून दीडशे रुपयांची पट्टी बांधली, तर पुतण्याची मुलं नक्कीच जास्त खेळतील आणि त्यांना ते स्वस्तही पडेल. पण दोन पाळण्यांपुरतेच पैसे असलेलं पोर कनातीबाहेर उभं राहील. आणि म्हातारा? तो तर पाळण्यात बसतच नाही, त्याने कशाचे पैसे द्यायचे?

शहरांतल्या पार्कांत हे म्हातारे मला दिसले आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळं कुटुंब अशाच एका पार्कात गेलो होतो, नाव कशाला सांगू. आई बरोबर होती. तिचं तिकीट थोड्या सवलतीचं, पण तिकीट होतंच. दिवसभर ती एका झाडाखाली सगळ्यांच्या चपला, पिशव्या आणि ओले टॉवेल सांभाळत बसली. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नव्हते, म्हणून तिने पहाटे उठून केलेल्या दशम्या गाडीतच राहिल्या. परत येताना म्हणाली, "चांगलं आहे. झाड चांगलं होतं."

आपल्या राज्यात अशा पार्कांची मोठी सुरुवात झाली ती १९८९ साली, मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं तेव्हा. बोटीतून जायचं, त्याचीच अर्धी मजा. एका पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं. एस्सेलवर्ल्ड आता बंद झालं आहे, पण त्याची जाहिरात अजून पुष्कळांच्या तोंडी असते.

या धंद्यातले लोक 'दरडोई खर्च' मोजतात. फाटकावर किती आणि आत किती, हे वेगळं धरतात. त्यांच्याही वह्यांत माणसांचे प्रकार आहेत. शाळेची सहल घाऊक सवलतीत येते आणि पोरांच्या खिशात शाळेने ठरवून दिलेलीच रक्कम असते. वर्षाचा पास काढणारा सारखा येतो, पण दर खेपेला थोडंच खर्च करतो. लांबून आलेला प्रवासी एकदाच येतो, म्हणून फोटोही घेतो आणि टोपीही घेतो. लहान मूल असलेलं कुटुंब खाण्यावर खर्च करतं. कॉलेजची पोरं तिकिटावर सगळे पैसे घालतात आणि आत वडापाव शोधतात.

सरकारही फाटकाशीच उभं असतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के कर होता, चैनीच्या वस्तूंसारखा. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. आमच्या पाळणेवाल्याच्या पावलीवर असा कर कधी लागला नाही.

आणखी एक गंमत. फाटकाच्या आत सगळे सारखे, असं एका तिकिटाने वाटायला लागलं होतं. तिथेही आता रांगा वेगळ्या झाल्या आहेत. डिस्नेने १९९९ साली रांग टाळायची सोय काढली तेव्हा ती फुकट होती. २०२१ पासून तिचे पैसे पडतात. म्हणजे वहीतलं 'ई' तिकीट परत आलं, फक्त आता ते वेळेचं आहे.

*

आता पुतण्याची बाजू. तो म्हणेल, "काका, मंडईच्या रात्री नाटकाला तिकीट असतंच ना? कनातही असते. पुढच्या खुर्चीचा दर वेगळा, मागचा वेगळा. ते चालतं?"

चालतं, आणि त्याला कारण आहे. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गावातलं मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला जाऊन नाटक कंपनीशी आधी सौदा ठरवतं. रक्कम ठरलेली, प्रेक्षक येवोत न येवोत. जिथे खर्च आधी बांधला जातो तिथे फाटक लागतं. कोट्यवधींचे पाळणे परदेशातून आणणाऱ्या पार्कालाही म्हणूनच लागतं. त्यात लबाडी काही नाही. ही नाटकं तिकिटावर जगली म्हणूनच टिकली, आणि डॉ. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. पण लक्षात घ्या, नाटकाची कनात मैदानाच्या एका कोपऱ्यात असते. मैदान उघडंच असतं. आणि कनातीबाहेर शेकोटी करून गाणी ऐकणाऱ्यांना कोणी हुसकत नाही.

खरी काळजी मला कनातीची नाहीच. केशोरीत कनात लावणं पाळणेवाल्यालाच परवडणार नाही. काळजी दुसरीच आहे.

२०१६ साली भाऊबीज झाली आणि आठवड्याभरात, ८ नोव्हेंबरला, पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. मंडयांचा हंगाम ऐन भरात होता. धान विकून आलेल्या नोटा हातात आणि सुट्टे कोणाकडेच नाहीत. त्या वर्षी ज्यांच्या घरी डब्यात चिल्लर होती त्यांचीच पोरं पाळण्यात बसली. २०२० साली करोनामुळे पाळणे उभेच राहिले नाहीत. आणि मागच्या काही वर्षांत हळूहळू मोबाईलचा चौकोन आला. आता गुपचूपच्या ठेल्यावर, फुगेवाल्याकडे, पाळण्यावर, सगळीकडे तो चिकटवलेला असतो. सुट्ट्यांची कटकट गेली, विक्रेत्याचीही सोय झाली. ते चांगलंच आहे.

पण मोबाईल बापाच्या खिशात असतो. गेल्या मंडईत मी बघत होतो. पुतण्याच्या मुलीला पाळणा हवा, ती बापाकडे बघते. बाप मोबाईल काढतो. तिला फुगा हवा, परत बापाकडे बघते. बाप "पुरे आता" म्हणतो, मग ती रडते, मग तो देतो. संध्याकाळपर्यंत तिच्यावर आमच्या दोन रुपयांच्या कितीतरी पट पैसे खर्च झाले असतील. पण तिने स्वतः एकही रुपया खर्च केला नाही. काय सोडायचं आणि काय घ्यायचं हे तिला एकदाही ठरवावं लागलं नाही. संध्याकाळी तिला हिशेब विचारला असता तर तो बापाच्या मोबाईलमध्ये होता.

म्हणजे आमच्या घरातल्या मुलांपुरती मनगटावरची पट्टी केव्हाच आली आहे, कनात न लावता. लेकींचंही थोडं तसंच होत चाललंय. ओवाळणी आता पुष्कळ ठिकाणी मोबाईलवर जाते, आणि घरात मोबाईल एकच असला तर ती कोणाच्या खात्यात जाते हे सांगायला नको.

मी काही जुन्या काळाची आरती ओवाळत नाहीये. यंदाच्या मंडईला एवढंच करायचं ठरवलं आहे की आधी बँकेतून दहा-दहाच्या नोटा आणायच्या आणि घरातल्या प्रत्येक पोराच्या हातावर सारख्या ठेवायच्या. लेकींनाही ओवाळणी रोख. पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो हसला, पण "माझ्या पोरीला किती देणार ते आधी सांगा, मीही तेवढेच घेईन" म्हणाला. त्यालाही पाळण्यात बसायचंय हे त्यावरून कळलं.

केशोरी, गोठणगाव, नवेगावबांध आणि वडशाकडच्या मंडळींना विनंती. तुमच्या लहानपणी मंडईला हातावर किती पैसे मिळायचे, ते कशावर गेले आणि त्या वेळी पाळण्याचा दर काय होता, हे आठवत असेल तर जरूर कळवा. आत्या, तुझी १९६० च्या आसपासची आठवण मला विशेष हवी आहे. तुम्ही धान देऊन मुर्रा घ्यायचात असं तू एकदा म्हणाली होतीस, ते माप कोणतं होतं?